शॉन एडवर्ड्स: रग्बी लीगमधील हाफ ते फ्रान्सचे बचाव प्रशिक्षक

मुख्य प्रश्न दोन भागांत विचारला गेला आहे. रग्बीच्या लीग या प्रकारात सारी कारकीर्द घालवलेला खेळाडू युनियन या दुसऱ्या प्रकारात, तेही आंतरराष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून, इतका प्रभावी कसा ठरतो, आणि खेळाडू म्हणून मिळवलेल्या मोठेपणाचा त्याला या कामात कितपत उपयोग होतो? मी पुण्यात आणि मुंबईत बरीच वर्षे युनियन प्रकाराच्या संघांना बचाव शिकवत आलो आहे. या कामात ज्यांच्या पद्धतीकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, ते म्हणजे इंग्लंडमधील विगनचे शॉन एडवर्ड्स. म्हणून सर्वसाधारण विधाने करण्याऐवजी त्यांच्याच कारकिर्दीच्या आधारे उत्तर देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: त्यांचे प्रशिक्षण समजून घ्यायचे असेल, तर त्यांची पदके थोडी बाजूला ठेवून ते खेळताना मैदानावर काय पाहत असत, याचा विचार करावा लागतो. समोरच्या बचावफळीत फट शोधण्यात त्यांनी सतरा वर्षे घालवली आणि नंतर तीच नजर स्वतःच्या फळीकडे वळवली.

आपल्याकडे बहुतेकांनी युनियन किंवा सेव्हन्सच पाहिलेले असते, त्यामुळे लीगचा एक नियम आधी सांगणे आवश्यक आहे. लीगमध्ये प्रत्येक संघात तेरा खेळाडू असतात आणि चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंतच (चेंडू घेतलेल्याला पकडून पाडणे म्हणजे टॅकल) तो आपल्याकडे ठेवता येतो. टॅकल पूर्ण झाला की चेंडू धरणारा खेळाडू उठून उभा राहतो आणि पायाने चेंडू मागे सरकवतो. त्या वेळी बचाव करणाऱ्या संघातील, चेंडूसमोर उभे राहणारे दोघे वगळता, सर्वांना आजच्या नियमानुसार दहा मीटर मागे जावे लागते. जमिनीवरच्या चेंडूसाठी झोंबाझोंबी होत नाही. म्हणजे बचाव करणाऱ्या संघाला दहा मीटर मागे पळायचे, वळायचे, एका रेषेत पुढे यायचे, टॅकल करायचा आणि पुन्हा मागे पळायचे, हे सलग सहा वेळा करावे लागते, आणि असे संपूर्ण ऐंशी मिनिटे चालते. या रहाटगाडग्यात एखादा खेळाडू अर्धे पाऊल जरी मागे राहिला, तरी ती फट लगेच उघडी पडते, कारण तिला झाकायला गर्दी नसते. त्यामुळे लीगमध्ये वाढलेल्या माणसाला बचावफळी ही सुटी माणसे म्हणून दिसतच नाही. ती त्याला एकसंध दिसते.

युनियनमध्ये टॅकलनंतर रक तयार होतो, दोन्ही बाजूंचे खेळाडू चेंडूसाठी त्यात शिरतात, आणि किती जणांनी शिरायचे हा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो. या गर्दीमुळे बचावातील दोष झाकले जात. शिवाय युनियन ऑगस्ट १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी खेळ होता. उत्तर इंग्लंडमधील गिरण्या आणि खाणींच्या गावांतील क्लबांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये बैठक घेऊन वेगळी चूल, म्हणजेच लीग, मांडली, ती कामगार खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून देण्याच्या प्रश्नावरून. त्यानंतर शंभर वर्षे युनियनने लीगच्या खेळाडूंना दारातही उभे केले नाही. परिणामी बचाव पद्धतशीरपणे शिकवण्याची विद्या एका बाजूला साठत गेली आणि दुसऱ्या बाजूला तिचा अभाव राहिला. बंदी उठताच युनियनने लीगचे प्रशिक्षक आणायला सुरुवात केली. जॉन मगलटन यांनी बचाव बांधलेल्या ऑस्ट्रेलियाने १९९९ चा विश्वचषक जिंकताना संपूर्ण स्पर्धेत एकच ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे) होऊ दिला. फिल लार्डर यांनी इंग्लंडसाठी तेच काम केले आणि इंग्लंडने २००३ चा विश्वचषक जिंकला. एडवर्ड्स या वाटेवरचे पहिले प्रवासी नव्हते, मात्र सर्वांत दूरवर तेच गेले.

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९६६ चा, विगनचा. वडील जॅकी एडवर्ड्स वॉरिंग्टनकडून हाफ, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, म्हणून खेळत आणि पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना चोविसाव्या वर्षीच खेळ सोडावा लागला होता. मुलगा शाळकरी वयात इंग्लंडच्या लीग आणि युनियन अशा दोन्ही संघांचा कर्णधार होता, ही गोष्ट पुढच्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सतराव्या वाढदिवशी त्यांनी विगनशी करार केला आणि काही महिन्यांतच, १९८४ मध्ये, ते वेम्बलीवर चॅलेंज कप या लीगमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उतरले. तो सामना विगनने विडनेसविरुद्ध ६-१९ असा गमावला. पुढच्या वर्षी हलविरुद्ध २८-२४ असा विजय मिळाला आणि १९८८ पासून तर विगनने सलग आठ वर्षे हा चषक कोणाला दिलाच नाही. १९८८ मध्ये हॅलिफॅक्सला हरवणाऱ्या संघाचे कर्णधार एडवर्ड्स होते आणि त्यांचे वय अवघे एकवीस होते. चॅलेंज कपमध्ये विगन सलग ४३ सामने अपराजित राहिले, आणि त्या प्रत्येक सामन्यात एडवर्ड्स खेळले. १९९० च्या अंतिम सामन्यात वॉरिंग्टनविरुद्ध सुरुवातीलाच त्यांच्या गालाचे हाड मोडले, तरी ते मैदानाबाहेर गेले नाहीत. त्याच वर्षी त्यांना ‘मॅन ऑफ स्टील’ हा लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. चषकांची यादी पुढेही बरीच वाढवता येईल, पण आपल्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो त्यांच्या खेळाच्या पद्धतीचा. त्या विगन संघात एलरी हॅन्ली यांची ताकद होती, मार्टिन ऑफिया यांचा वेग होता, अँडी ग्रेगरी यांचे पास होते. एडवर्ड्स यांचे वैशिष्ट्य सोबतच्या धावेत होते. सहकारी बचाव फोडून पुढे निघाला की त्याच्या आतल्या बाजूला, पास घेता येईल अशा ठिकाणी, ते आधीच पोहोचलेले असत. विगनसाठी त्यांनी अडीचशेहून अधिक ट्राय केले आणि त्यांतील कितीतरी या सवयीतून आले. हे नशीब नव्हे. फळी कुठे फुटणार हे ती फुटण्यापूर्वी दोन क्षण ओळखता आले, तरच माणूस तिथे वेळेवर पोहोचतो. बचावपटूची कंबर कोणत्या बाजूला वळली आहे, शेजारच्याशी त्याचे अंतर वाढले आहे का, मागे पळून दमल्यामुळे तो गुडघ्यांवर हात टेकून उभा आहे का, ही चिन्हे वाचणे म्हणजेच उलट बाजूने बचाव शिकवणे. बचावाचे उत्तम शिक्षक बहुधा बचावपटूंमधूनच येतात, असे आपण गृहीत धरतो. माझा अनुभव असा आहे की आक्रमणात फट शोधणारा हाफ या कामाला जास्त योग्य ठरतो, कारण चांगल्या टॅकलचे कौतुक करत बसण्याऐवजी तो शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहतो.

२२ ऑक्टोबर १९९४ रोजी वेम्बलीवर ग्रेट ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात पहिली कसोटी झाली. कर्णधार एडवर्ड्स यांना पंचवीस मिनिटांच्या सुमारास ब्रॅडली क्लाइड यांच्यावर केलेल्या उंच टॅकलबद्दल मैदानाबाहेर काढण्यात आले. उरलेल्या बारा जणांनी जवळजवळ पाऊण सामना बचाव केला आणि ब्रिटनने ८-४ असा विजय मिळवला. एडवर्ड्स यांच्या खात्यात हा सामना कलंक म्हणून नोंदवला जातो. प्रशिक्षकाच्या नजरेने पाहिले, तर संख्या कमी असतानाही शिस्तीची फळी जगातल्या सर्वोत्तम आक्रमणाला थोपवू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणार नाही, आणि तो त्यांनी बाहेर बसून पाहिला. पुढे २०११ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध वेल्सचे कर्णधार सॅम वॉरबर्टन यांना पहिल्या वीस मिनिटांतच लाल कार्ड मिळाले, तेव्हा एडवर्ड्स यांच्या बचावाने चौदा जणांनिशी एकही ट्राय होऊ दिला नाही. वेल्सने तो सामना ८-९ असा, केवळ पेनल्टी किकवर गमावला.

१९९७ मध्ये त्यांनी विगन सोडले. मधला ब्रॅडफर्डचा छोटा टप्पा वगळता ते लंडनच्या संघाकडून खेळले आणि २००० मध्ये निवृत्त झाले. विगनवासीयांना हे शेवटचे पर्व फारसे आठवत नाही, पण लंडनमधल्या वास्तव्याने एक गोष्ट साधली: ते युनियनच्या क्लबांच्या शेजारी येऊन राहिले. २००१ मध्ये लंडनच्या वॉस्प्स क्लबाने त्यांना प्रशिक्षक वर्गात घेतले आणि लवकरच वॉरन गॅटलंड हे त्या क्लबाचे प्रमुख झाले. या जोडीने आधी वॉस्प्समध्ये आणि पुढे वेल्सच्या संघासोबत एकत्र काम केले.

वॉस्प्सने जी पद्धत प्रसिद्ध केली, तिला ‘ब्लिट्झ’ म्हणतात. तोवरच्या रूढ पद्धतीत फळी पुढे येऊन मग बाजूला सरकत असे आणि आक्रमणाला रेषेकडे ढकलत नेत असे. त्यात जागा सोडली जाते, पण धोका कमी असतो. ब्लिट्झमध्ये चेंडू बाहेर पडताच संपूर्ण फळी झपाट्याने पुढे येते आणि बाहेरच्या बाजूचा बचावपटू किंचित आघाडीवर राहून आत वळतो, त्यामुळे लांब पास देण्याची वाटच बंद होते. आक्रमकाला आत, म्हणजे जिथे बचावपटूंची दाटी आहे तिथे, परतावे लागते, किंवा घाईत पास द्यावा लागतो. मुलांना शिकवताना मी कबड्डीतल्या साखळीचे उदाहरण देतो. कोपऱ्यातला खेळाडू एकटाच झेपावला तर चढाईपटू त्याच्याच अंगावरून निघून जातो. साखळी बंद होत आली असताना तो आत आला, तरच पकड होते. ब्लिट्झचे यश असे सर्वस्वी एकाच वेळी निघण्यावर अवलंबून असते. एक जण उशिरा निघाला, तर बाकीच्यांचा वेग हाच दोष ठरतो.

यात लीगचे काय आणि एडवर्ड्स यांचे काय, हे वेगळे काढता येते. एकत्र पुढे येणे आणि लगेच मागे जाऊन पुन्हा उभे राहणे, हे लीगकडून आले. रकमध्ये किती माणसे घालायची, याचे उत्तर मात्र लीगमध्ये मिळत नाही, कारण तिथे रकसाठी अशी चढाओढच नसते. ज्या रकमध्ये चेंडू मिळण्याची शक्यता नाही, तिथे कोणीही शिरायचे नाही आणि सर्वांनी पायांवर उभे राहून फळी भरायची. जिथे टॅकल चांगला बसला आहे आणि आक्रमकाला मदत पोहोचलेली नाही, तिथे एकाने चेंडूवर झडप घालायची. ही निवड अर्ध्या सेकंदात, दमलेल्या अवस्थेत करावी लागते. टॅकलनंतर जमिनीवरून उठायला किती वेळ लागतो, याला या पद्धतीत टॅकलइतकेच महत्त्व असते. प्रेक्षकांना टॅकलचा आवाज आठवतो. प्रशिक्षक मात्र चित्रफीत थांबवून जमिनीवर लोळत राहिलेला खेळाडू शोधतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. वेगाने पुढे आलेल्या फळीच्या पाठीमागे रिकामी जागा राहते. डोक्यावरून टाकलेली छोटी किक किंवा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मारलेली आडवी किक तिला घायाळ करते. म्हणून मागच्या तिघांना सतत जागा बदलत राहावे लागते. घाईत ऑफसाइड झाले, तर पेनल्टीची खिरापत वाटली जाते. आणि मॉल, म्हणजे उभ्या अवस्थेत ढकलत नेला जाणारा पुंजका, हा तर लीगमध्ये नसतोच. त्याच्या बचावाचे ज्ञान लीगमधून आलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाला दुसऱ्यांकडून शिकावे लागते.

वॉस्प्सने २००३, २००४, २००५ आणि २००८ मध्ये इंग्लंडमधील क्लबांचे विजेतेपद मिळवले आणि २००४ व २००७ मध्ये युरोपचा हाइनेकन कप जिंकला. २००३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी गुणतक्त्यात अव्वल असलेल्या ग्लॉस्टरला ३९-३ असे हरवले. २००७ च्या विश्वचषकात फिजीकडून हरून वेल्स गटातच बाद झाले, तेव्हा गॅटलंड यांना तिकडे बोलावण्यात आले आणि त्यांनी एडवर्ड्स यांना सोबत नेले. सुरुवातीची काही वर्षे एडवर्ड्स वॉस्प्स आणि वेल्स ही दोन्ही कामे करत होते. वेल्ससोबतचा त्यांचा पहिलाच सामना २ फेब्रुवारी २००८ रोजी इंग्लंडच्या ट्विकनहॅम मैदानावर झाला. वेल्स ६-१९ असे मागे होते आणि २६-१९ असे जिंकले. त्या मैदानावर १९८८ नंतरचा हा वेल्सचा पहिला विजय होता. त्या संपूर्ण सिक्स नेशन्स या युरोपातील सहा देशांच्या स्पर्धेत, पाच सामन्यांत मिळून, वेल्सविरुद्ध फक्त दोन ट्राय झाले आणि ग्रँड स्लॅम, म्हणजे सर्व सामने जिंकण्याचा पराक्रम, पूर्ण झाला. २०१२ आणि २०१९ मध्ये तो पुन्हा मिळाला. माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम मात्र ग्रँड स्लॅम न मिळालेल्या २०१३ च्या वर्षातले आहे. पहिल्या सामन्यात आयर्लंडने तीन ट्राय करून वेल्सला हरवले. पुढच्या चारही सामन्यांत कोणालाही ट्राय करता आला नाही आणि शेवटी कार्डिफमध्ये इंग्लंडचा ३०-३ असा पराभव झाला. हंगामाच्या मध्यावर, तेही पराभवानंतर, बचाव असा दुरुस्त करणे हे नवी पद्धत आणण्यापेक्षा कठीण असते.

खेळाडू म्हणून मिळालेल्या नावाचा उपयोग पहिल्या दिवशी नक्कीच होतो. मोडलेल्या हाडानिशी अंतिम सामना खेळलेला माणूस बोलू लागला, की खोलीत शांतता होते. पण वॉस्प्समधल्या लॉरेन्स डलालियो यांच्यासारख्या ज्येष्ठ युनियन खेळाडूंनी एडवर्ड्स यांचा लीगमधला पराक्रम आदराने मान्य केला असला, तरी दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना फळी कशी उभी करायची, याचेच उत्तर हवे असते. फ्रान्समध्ये तर ही गोष्ट अधिक उघड झाली. २०१९ च्या विश्वचषकानंतर फाबियें गालतिये यांच्या प्रशिक्षक वर्गात ते आले, तेव्हा समोरच्या तरुण खेळाडूंपैकी बहुतेक जण विगनच्या सुवर्णकाळात जन्मलेलेही नव्हते. तिथे त्यांनी बचावाइतकाच भर पेनल्टी कमी देण्यावर ठेवला. फ्रान्सने याच काळात निवृत्त पंच जेरोम गार्सेस यांनाही संघासोबत घेतले. गंमत अशी की २०१९ च्या ज्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेने एडवर्ड्स यांच्या वेल्सला १९-१६ असे हरवले, त्याचे पंच गार्सेसच होते. २०२२ मध्ये फ्रान्सला २०१० नंतरचा पहिला ग्रँड स्लॅम मिळाला आणि २०२५ मध्ये सिक्स नेशन्सचे विजेतेपद पुन्हा मिळाले. मधल्या २०२३ च्या विश्वचषकात मायदेशी उपांत्यपूर्व सामना दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २८-२९ असा निसटला.

लीगमधील मुख्य प्रशिक्षकपदाची संधी त्यांना विगनमध्येच आली होती. २०२० पासून ते लीगमध्ये परतून विगनची सूत्रे हाती घेतील, अशी घोषणा क्लबाने २०१८ मध्ये केली. २०१९ मध्ये त्यांनी आपण येणार नसल्याचे सांगितले. विगनच्या चाहत्यांना ते झोंबले, आणि त्यांचे झोंबणे समजण्यासारखे आहे. त्यांच्याच विगन संघात घडलेले अँडी फॅरेल मात्र दुसऱ्या वाटेने गेले. ते २००५ मध्ये युनियनमध्ये आले, आधी खेळले, मग इंग्लंड, लायन्स (ब्रिटन व आयर्लंडचा संयुक्त संघ) आणि आयर्लंड यांचे बचाव प्रशिक्षक झाले, पुढे आयर्लंडचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी २०२३ चा ग्रँड स्लॅम मिळवला आणि २०२५ मध्ये लायन्ससोबत ऑस्ट्रेलियात २-१ अशी मालिका जिंकली. फॅरेल यांनी बचावाचा दरवाजा आत येण्यापुरता वापरला. एडवर्ड्स त्याच खोलीत राहिले. मुख्य प्रशिक्षकाचा बराच वेळ निवड, करार आणि पत्रकार यांच्यात जातो. एका विषयात खोल जाण्याची ज्यांना ओढ आहे, त्यांनी ते पद नाकारणे मला पटते, आणि गॅटलंड व गालतिये यांच्यासारखे प्रमुख मिळाल्यामुळे एडवर्ड्स यांना ते परवडलेही.

प्रश्नकर्त्याने शेवटी विचारले आहे की या सगळ्यातून आपल्याकडच्या खेळाडूने, ज्याला पुढे प्रशिक्षक व्हायचे आहे, काय उचलावे. आपल्याकडे लीग खेळायला मिळणे कठीण आहे, पण त्याचा सराव करता येतो. आमच्याकडे कबड्डीतून येणारी मुले खाली वाकून निर्भयपणे टॅकल करतात. टॅकलनंतर उठून फळीत परत येणे मात्र त्यांना सुचत नाही, कारण कबड्डीत पकड झाली की ती चढाई संपते. त्यांच्यासाठी मी आठवड्यातून एकदा लीगचे नियम लावून सहा टॅकलचा खेळ घेतो: रक नाही, झोंबाझोंबी नाही, प्रत्येक टॅकलनंतर दहा मीटर मागे. ज्याला प्रशिक्षक व्हायचे आहे, त्याला मी त्या वेळी खेळू देत नाही. त्याला गोलखांबांच्या मागे, फळी संपूर्ण दिसेल अशा जागी उभे करतो आणि चेंडूकडे न पाहता टॅकल झालेल्या जागेपासून तिसऱ्या क्रमांकावरच्या बचावपटूवर नजर ठेवायला सांगतो. फळी बहुधा तिथेच फुटते, कारण पहिल्या दोघांना आपले काम समोर दिसत असते आणि तिसऱ्याला ते ठरवावे लागते.